लॉक, मोंतेस्क्यू, रूसो: सरकार नावाची गोष्ट खरी कुणाला कळली होती?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दर वर्षी पाश्चात्त्य राजकीय विचारांचा पेपर येतो आणि सतराव्या-अठराव्या शतकातल्या या तिघांचं दर वर्षी तेच होतं. लॉक म्हणजे नैसर्गिक हक्क, मोंतेस्क्यू म्हणजे सत्ताविभाजन, रूसो म्हणजे सामूहिक ईहा, म्हणजे सगळ्यांची मिळून इच्छा. मुलं तीन ओळी पाठ करतात, पाच मार्कांची टीप लिहितात आणि पेपर संपला की विसरतात.

परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, या तिघांपैकी एकाच्याच हाती गावाचा कारभार द्यायचा झाला तर तुम्ही कुणाच्या हाती द्याल?" वर्ग हसला. मी "पुढच्या तासाला सांगते" म्हटलं आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मी मोंतेस्क्यूकडे झुकते. सरकार कुठून येतं ते बाकीचे दोघं सांगतात, ते चालताना कुठे घसरतं ते हा सांगतो. ज्याच्या हाती सत्ता येते तो तिचा गैरवापर करण्याकडे वळतो आणि आडवं काही येईपर्यंत थांबत नाही, असं त्याने १७४८ मध्ये लिहून ठेवलं. म्हणून सत्तेनेच सत्तेला अडवेल अशी घडी बसवा, म्हणाला. माणसं सुधारतील याची वाट बघत बसला नाही.

तुम्ही कुणाला निवडाल? आणि का ते सांगा, वर्गात वाचून दाखवणार आहे.

गावरान_मिरची
लॉक. डोळे मिटून. माझा जीव, माझं स्वातंत्र्य, माझी जमीन, यांची राखण करायला सरकार नेमलंय. ते राखणदारच चोरी करायला लागले तर त्यांना हाकला. एवढं सरळ अजून कुणी सांगितलंय?

निंबोणी
अवांतर: हा काळ 'प्रबोधन' म्हणायचा की 'ज्ञानोदय'? शाळेच्या पुस्तकात प्रबोधन म्हणजे रेनेसाँ. मग अठराव्या शतकाला काय म्हणायचं? फ्रेंचमध्ये 'लुमिएर', म्हणजे उजेड. अनेकवचनी.

रानजाई
@निंबोणी, मी वर्गात ज्ञानोदय म्हणते. पण त्या नावाचं मिशनऱ्यांचं नियतकालिक १८४२ पासून अहमदनगरहून निघत होतं, त्यामुळे जुन्या वाचकांचा गोंधळ होतो. उजेड हा शब्द मात्र फार आवडला.

दगडफूल
गावरान_मिरची, लॉकबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या हाती कारभार देण्याआधी हेही बघा. १६६९ साली अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीसाठी जी मूळ घटना लिहिली गेली, तिच्या मसुद्यात लॉकचा हात होता. मालकाला आपल्या निग्रो गुलामांवर पूर्ण सत्ता राहील, असं त्यात स्पष्ट कलम आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे गुंतलेले होते. सहिष्णुतेवर पत्र लिहिलं, त्यातही नास्तिकांना आणि कॅथलिकांना बाहेर ठेवलं.

"माझी जमीन" म्हणताना ती 'माझी' कुणाची, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

गावरान_मिरची
दगडफूल, तुमचं खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण तो कुठल्या हवेत लिहीत होता तेही बघा. १६८३ मध्ये राजाचा विरोधक अल्जर्नन सिडनी याला लंडनमध्ये मृत्युदंड झाला. राजद्रोह सिद्ध करायला दोन साक्षीदार लागत. एकच मिळाला. मग त्याच्या घरात सापडलेलं, कुठेही न छापलेलं हस्तलिखित दुसरा साक्षीदार म्हणून पुढे केलं. लिहिणं म्हणजेच कृती करणं, असा न्यायाधीशाचा युक्तिवाद. त्याच वर्षी लॉक हॉलंडला पळाला. त्याचे सरकारवरचे दोन निबंध १६८९ मध्ये छापून आले ते निनावी. हे माझे, असं त्याने कबूल केलं ते १७०४ साली मरताना, मृत्युपत्राच्या पुरवणीत. पंधरा वर्षं माणूस स्वतःच्या पुस्तकाला ओळख देत नाही. ही भीती कळल्याशिवाय त्याचा 'प्रतिकाराचा हक्क' कळत नाही.

फाटकातलं_मांजर
आमच्या सोसायटीत अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, खजिनदार सूनबाई. मोंतेस्क्यूला पाठवून द्या, पार्किंगची सोय मी करतो.

निंबोणी
@फाटकातलं_मांजर 😄 विरोधी पक्षात सासूबाई असतीलच की!

कोर्टपायरी
रानजाईताई, मोंतेस्क्यूवर माझाही जीव आहे, पण दोन गोष्टी जोडतो.

एक म्हणजे, इंग्लंडमध्ये कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे आहेत असं त्याने लिहिलं. तो तिथे १७२९ ते १७३१ राहिला होता. पण तेव्हाच तिथले मंत्री संसदेत बसून कारभार हाकत होते. म्हणजे इंग्लंडमध्ये पुरतं नव्हतं ते त्याने इंग्लंडच्या नावाने मांडलं आणि अमेरिकेतल्या लोकांनी ते उचलून खरंच बांधलं. तरी अमेरिकेची घटना घडवणाऱ्यांपैकी मॅडिसनला १७८८ मध्ये खुलासा करावा लागलाच, की तिन्ही सत्ता एकमेकींना अजिबात शिवणार नाहीत असं मोंतेस्क्यूला म्हणायचंच नव्हतं.

दुसरी गोष्ट, हा माणूस स्वतः न्यायाधीश होता. बोर्दोच्या 'पार्लमाँ'मध्ये. पार्लमाँ म्हणजे संसद नव्हे, फ्रान्समधलं वरिष्ठ न्यायालय. तिथलं अध्यक्षपद त्याला काकांकडून वारशाने मिळालं आणि पुढे त्याने ते विकलं. होय, विकलं. न्यायाधीशाची खुर्ची तेव्हा मालमत्ता होती, घराण्यात चालायची, बाजारात खपायची. आणि अशी न्यायालयं राजाला अडवतात म्हणून ती मोलाची, असं त्याचं मत होतं.

तुलूझवासी
कोर्टपायरी, तुम्ही पार्लमाँचा विषय काढलात म्हणून लिहितो. एरवी मी इथे फक्त वाचतो.

गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त तुलूझमध्ये आहे. जुन्या शहरात 'र्यू दे फिलातिए' नावाचा अरुंद रस्ता आहे. विटा अशा गुलाबी की संध्याकाळच्या उन्हात अख्खी भिंत भाजल्यासारखी दिसते. याच रस्त्यावर झाँ कालास नावाचा कापडव्यापारी राहत असे. खाली दुकान, वर घर. माणूस प्रोटेस्टंट, शहर कट्टर कॅथलिक.

१३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री वर जेवणं झाली. आई, वडील, दोन मुलगे, एक पाहुणा, आणि वर्षानुवर्षं घरात असलेली कॅथलिक मोलकरीण. थोरला मुलगा मार्क-आंत्वान जेवून आधी उठला. नंतर पाहुण्याला सोडायला दिवा घेऊन खाली उतरले तर दुकानात त्याचं प्रेत. हा मुलगा कायदा शिकलेला होता. पण वकिली करायची तर कॅथलिक असल्याचा दाखला लागे आणि तो त्याला मिळत नव्हता.

घरच्यांनी सुरुवातीला आत्महत्या लपवली, कारण आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत रस्त्यातून फरफटत नेत. दारात गर्दी जमली होती. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापाने मारला. बस, तेवढंच पुरलं. ऐकीव का असेना, कुणाला काही ठाऊक असेल तर पुढे या, अशी सूचना शहरातल्या चर्चमध्ये वाचली गेली. तिचे शब्दच असे, की खून झालाय हे ठरल्यासारखं. मुलाला कॅथलिक हुतात्मा म्हणून वाजतगाजत पुरलं.

तुलूझच्या पार्लमाँत तेरा न्यायाधीश बसले. आठांनी मृत्युदंड दिला. साठी ओलांडलेल्या माणसाचा आधी छळ केला, मग १० मार्च १७६२ ला चाकावर हाडं मोडून मारलं. शेवटपर्यंत तो म्हणत राहिला, मी निर्दोष आहे. आणि त्या रात्री त्याच्यासोबत जे सगळे एकाच खोलीत होते, त्यांच्यापैकी दुसऱ्या कुणालाही मृत्युदंड दिला नाही. एका मुलाला हद्दपार केलं, बाकीचे सुटले. बाप एकट्याने २८ वर्षांच्या धडधाकट तरुणाला फासावर कसा चढवेल? हे प्रकरण हाती घेतलेल्या फ्रेंच लेखक व्होल्तेरने नेमकं हेच विचारलं.

आता मोंतेस्क्यूप्रेमींना माझा प्रश्न. हे न्यायालय राजाच्या दबावाखाली नव्हतं. सत्ता विभागलेली होती. तरी हे झालं. मग विभाजनाने काय साधलं?

पाणवठा
अंगावर काटा आला. तुलूझवासी, लिहीत जा हो.

कोर्टपायरी
तुलूझवासी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या धंद्यातून देतो.

त्या निकालात कालासला दोषी का धरलं ते लिहिलेलं नव्हतं. फ्रान्सच्या पार्लमाँना निकालाची कारणं द्यावी लागतच नसत. अमुक दोषी, अमुक शिक्षा, संपलं. त्या कागदावर कारणच नव्हतं, मग खोडून काढायचं काय? व्होल्तेरने सगळ्यात आधी मागणी केली ती कागदपत्रं उघड करण्याची. न्यायालयाने कशाच्या जोरावर हे केलं ते लोकांना बघू द्या. शेवटी राजाच्या परिषदेने तुलूझकडून दप्तर मागवलं. ९ मार्च १७६५ ला, मृत्यूला तीन वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी असताना, कालासला निर्दोष ठरवलं. राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले.

निकालाला कारणं द्यायची सक्ती फ्रान्समध्ये आली ती क्रांतीनंतर, ऑगस्ट १७९० च्या कायद्याने.

आमच्याकडे याला 'स्पीकिंग ऑर्डर' म्हणतात. बोलणारा आदेश. अर्ज फेटाळला, एवढंच लिहून अधिकाऱ्याने सही ठोकली तर वरच्या कोर्टात आमचा पहिला मुद्दा तोच असतो की आदेश मुका आहे. गेल्या वर्षी एका विधवा बाईंचा वारसाचा अर्ज एका कार्यालयाने 'नामंजूर' या एका शब्दात परत पाठवला होता. तो कागद चार घड्या घालून त्यांनी पदराच्या टोकाला बांधून आणला. मला विचारलं, "भाऊ, माझं चुकलं काय ते तरी कुठे लिहिलंय?" मी कागद उलटसुलट केला. कुठेच नव्हतं. ती वेळ आठवली की कालासच्या बायकोची, मादाम कालासची आठवण येते.

म्हणून माझं मत बदलतोय. त्या तिघांपैकी कुणीच नाही. मी व्होल्तेर आणि त्याच्या जोडीला मिलानचा बेकारिया निवडेन. बेकारियाचं गुन्हे आणि शिक्षा यांवरचं पुस्तक १७६४ चं, म्हणजे कालास प्रकरण धुमसत असतानाचं. छळाने सत्य निघत नाही, बळकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध कबूल करतो, हे त्याने इतकं सरळ मांडलं की पुढे १७८६ मध्ये इटलीतल्या तोस्काना राज्याने मृत्युदंडच रद्द केला.

शब्दवेल्हाळ
"तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी मरेन." व्होल्तेर यांना सलाम!

निंबोणी
शब्दवेल्हाळ, ते वाक्य व्होल्तेरचं नाही. १९०६ मध्ये एव्हलिन बीअट्रिस हॉल या लेखिकेने त्याच्यावरच्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना लिहिलं, तेव्हापासून त्याच्या तोंडी चिकटलंय.

शब्दवेल्हाळ
अरेच्चा! दहा वर्षं मी ते भाषणांत वापरतोय. बरं झालं सांगितलंत, ताई.

पाणवठा
रूसोच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते.

रूसोला सगळे हुकूमशहांचा बाप ठरवतात, कारण त्याच्या 'सामाजिक करार' या पुस्तकात ते वाक्य आहे: सामूहिक ईहा जो मानत नाही त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडलं जाईल. वाक्य धोक्याचं आहे, नाही म्हणत नाही. पण तो कुठून बोलतोय ते बघा. तो जिनीव्हाच्या घड्याळवाल्याचा मुलगा. पुस्तकावर स्वतःच्या नावापुढे अभिमानाने 'जिनीव्हाचा नागरिक' असं छापायचा. त्या शहरात सगळ्या नागरिकांची एक सर्वसाधारण सभा होती आणि कागदावर तीच सर्वोच्च. पण कारभार मूठभर घराण्यांच्या पंचवीस जणांच्या छोट्या परिषदेच्या हातात. नागरिकांनी तक्रारअर्ज आणला की परिषद म्हणायची, तो पुढे न्यायचा की नाही ते आम्ही ठरवू. नाकारण्याचा हा अधिकार, आणि त्याला कारण द्यायची गरज नाही.

कोर्टपायरी, तुमच्या त्या बाईंचा 'नामंजूर' हाच की!

रूसो म्हणत होता की ती सभा खरोखर भरवा, निर्णय तिथे घ्या. १७६२ च्या जूनमध्ये जिनीव्हाने त्याचं पुस्तक जाळलं. पुढच्या वर्षी त्याने नागरिकत्व सोडलं, आणि १७६४ मध्ये या नकाराधिकारावरच पत्रं लिहिली. इंग्रज लोक स्वतःला स्वतंत्र समजतात पण ते फक्त निवडणुकीच्या दिवशीच स्वतंत्र असतात, हे त्याचंच. मला हे आजही टोचतं. मतदान करून बोटाची शाई वाळली की पुढची पाच वर्षं आपण काय असतो?

अक्षरओळ
पाणवठा, छान मांडलंत. पण त्या सभेत बायका होत्या का?

नव्हत्या. आणि रूसोला ते खटकलंही नाही. 'एमील' या शिक्षणावरच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात तो एमीलच्या भावी बायकोच्या, सोफीच्या शिक्षणाबद्दल लिहितो, तर तिने काय शिकायचं? पुरुषाला आवडेल असं वागायला. इंग्रज लेखिका मेरी वॉल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये त्याचा ओळीओळीने समाचार घेतला. मुलीला विचार करायला शिकवायचं नाही आणि मग ती विचार करत नाही म्हणून तिला हिणवायचं, हा कुठला न्याय, असा तिचा रोख. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये ऑलँप द गूज हिने स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला: बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क असेल तर तिला व्यासपीठावर चढायचाही हक्क असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिला गिलोटिनवर चढवलं. व्यासपीठ मात्र मिळालं नाही. फ्रान्समध्ये बायकांना मताधिकार १९४४ मध्ये, रूसोच्या जिनीव्हात १९६० मध्ये.

एक अपवाद सांगते. फ्रेंच विचारवंत काँदोर्से. त्याने १७९० मध्येच लिहिलं की बायकांना नागरिकत्व न देण्याला एकही कारण टिकत नाही. बाळंतपणं येतात म्हणता? मग दर हिवाळ्याला संधिवाताने आजारी पडणाऱ्या पुरुषांचेही हक्क काढा.

दगडफूल
अक्षरओळ +१. आणि हीच गोष्ट रंगाची. फ्रेंच क्रांतीच्या १७८९ च्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र' लिहिलं, पण कॅरिबियनमधले गुलाम त्यात धरले नाहीत. ते गुलाम स्वतः उठले तेव्हा १७९४ मध्ये पॅरिसने गुलामगिरी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. ते वाक्य खरं केलं ते गुलामांनी.

जुना_सभासद
दगडफूल, तुमच्या या वाक्यावरून आपल्याकडचा धागा जुळतो. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' १८४७ च्या सुमारास वाचलं. पेन म्हणजे इंग्लंडमधल्या थेटफर्डचा, बायकांच्या चोळ्यांच्या पट्ट्या बनवणाऱ्याचा मुलगा, स्वतःही तेच काम केलेला. लॉक किंवा मोंतेस्क्यूसारखा घरंदाज नव्हे. त्याच्या पुस्तकाचा दुसरा भाग फार कमी लोक बघतात. त्यात हिशोब आहे! पन्नाशीनंतर वर्षाला सहा पौंड, साठीनंतर दहा, गरिबाच्या चौदा वर्षांखालच्या मुलामागे चार पौंड, म्हणजे मूल शाळेत जाईल. आणि हे दान म्हणून नाही, हक्क म्हणून द्यायचं. इंग्लंडने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. फ्रान्सने त्याला सभागृहात निवडून घेतलं, तर तिथे त्याने राजाला मारू नका म्हणून मत दिलं आणि पुढे तुरुंगात गेला.

फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये काढलं ते गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचाच धोशा लावला. रानजाई, तुमच्या त्या मुलीला सांगा, गावाचा कारभार पेनकडे द्यायला एका माळ्याच्या मुलाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी हरकत घेतली नसती.

शब्दवेल्हाळ
म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता सगळं आपण तिकडूनच आणलं तर.

जुना_सभासद
नाही. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५४ मध्ये आकाशवाणीवर स्पष्टच सांगितलं की ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, माझ्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. फुल्यांनीही पेन वाचला तो आपल्या गावातलं जे डोळ्यांना दिसत होतं त्याच्यासाठी.

फाटकातलं_मांजर
सोसायटीच्या सभेत काल मी कोर्टपायरींचा शब्द वापरला. म्हटलं, "देखभाल शुल्क वाढवलंत, पण ठराव मुका आहे." सचिवांनी कारणं लिहून द्यायचं कबूल केलंय. मोंतेस्क्यूचं पार्किंग तूर्त पाहुण्यांना देतोय.

निंबोणी
स्वीडन कुणाच्या लक्षात आहे का? १७६६ मध्ये तिथे मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला. त्यात सरकारी कागदपत्रं कुणीही बघावीत आणि छापावीत अशी तरतूद होती. त्यामागे अँडर्स खिडेनियस नावाचा फिनलंडमधला पाद्री होता. नाव अभ्यासक्रमात कुठे नाही. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही कलम ४ मध्ये आहे बघा, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं कळवायची.

कोर्टपायरी
निंबोणी, बरोबर. आणि हे कलम अर्ज न करता लागू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

रानजाई
मंडळी, आज तास घेतला. काय झालं ते सांगते.

आधी पाणवठांचा आणि जुना_सभासद यांचा प्रतिसाद वाचला. मग तुलूझवासींचा, पण तेरा न्यायाधीशांपाशी थांबले. वर्गात तेवीस मुलं होती. चिठ्ठ्या टाकून तेरा जण निवडले, बाकीचे तुलूझचे लोक. प्रत्येक न्यायाधीशाला कोरा कागद दिला. दोषी की निर्दोष, आणि खाली का, ते लिहायचं. चर्चा करायची नाही.

पहिला शब्द सगळ्यांनी पटकन लिहिला. 'का' पाशी पेनं थांबली. एक मुलगा 'दोषी' लिहून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मी जवळ गेले तर खाली लिहिलं होतं "सगळे म्हणतात". मग ते खोडलं. मग वरचा 'दोषी' पण खोडला. शेवटी सात निर्दोष, चार दोषी, दोघांनी कागद कोराच दिला.

मग पुढचं वाचलं. वर्ग गप्प. ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता ती म्हणाली, "मॅडम, कारभार कुणाला पण द्या. पण त्याने लिहून दिलं पाहिजे."

तिने अजून एक विचारलंय, ते इथे विचारते. आठांनी मृत्युदंड दिला, मग उरलेले पाच काय म्हणत होते?

कोर्टपायरी
निकालपत्रात त्यांचीही कारणं नाहीत, ताई.

तुलूझवासी
रविवारी त्या रस्त्यावरून जाणार आहे. घराचा फोटो काढून इथे टाकतो, तुमच्या वर्गासाठी.